परवाची यादी

सगळं सुरळीत पार पडलं असतं, तर तारीखबाईला या इमारतीतून नऊ दिवस सुटत होते. बढती नाही, बक्षीस नाही, साहेबांची शाबासकीही नाही. नऊ दिवस, रोख. आणि तिला दुसरं काही नकोच होतं.

तारीखबाई हे तिचं पाठीमागचं नाव; तोंडावर सगळे मॅडम म्हणत. ती ज्या कारखान्यात होती तिथे भिंती तयार होत. अख्खी भिंत, खिडकीच्या भोकासकट, लोखंडी साच्यात काँक्रीट ओतून करायची. दुसऱ्या दिवशी साचा सोडवायचा, भिंत यार्डात उभी करून चार दिवस पिकून पक्की होऊ द्यायची आणि ट्रेलरवर चढवून साइटवर पाठवायची. यंदाची साइट म्हणजे एका अरुंद रस्त्यावरचं पाच मजली वसतिगृह. तिथे भिंत टेकवून ठेवायला टीचभर जागा नव्हती. ट्रेलर आला की क्रेनने भिंत उचलायची आणि थेट जागेवर बसवायची. कुठली भिंत कुठल्या दिवशी, कुठल्या ट्रेलरवर, हे लावणारं माणूस चुकलं तर इमारत प्लॉटवर उभी राहायच्या ऐवजी रस्त्यावर रांगेत उभी राहते. हे लावणारं माणूस म्हणजे तारीखबाई.

या कामातली गंमत अशी, की ते सगळं उलटं करावं लागतं. शेवटची भिंत कधी ते आधी ठरवायचं, आणि तिथून मागे मागे मोजत आजच्या सकाळपर्यंत यायचं. साहेबांची समजूत होती की तिने ग्राहकाला दिलेल्या बावीस तारखेपासून मागे मोजलंय. तिने मोजलं होतं तेवीसपासून. ही तेवीस तारीख कारखान्याच्या कुठल्याच कागदावर नव्हती. ती परगावच्या एका दवाखान्याच्या कागदावर होती.

तेवीसला ताईचं ऑपरेशन होतं. आई गेली तेव्हा ही चार वर्षांची आणि ताई पंधराची. तेव्हापासून हिची वेणी, शाळा, ताप, फॉर्मवरची सही, सगळं ताईच्या खात्यावर. अशी ताई सुरीला भीत नव्हती. तिचं भलतंच होतं.

"भूल देताना दहापासून उलटं मोजायला लावतात म्हणे," फोनवर तिने सांगितलं होतं. "मला सुलटं मोजताना मारामार. तू हात धर, तू मोज, मी तुझ्या मागून म्हणेन. तू नसलीस तर मी आत जायची नाही. डॉक्टरांना सांगून ठेवलंय मी तसं."

डॉक्टरांनी हिलाही एक गोष्ट सांगून ठेवली होती. ही तारीख गेली तर पुढची दोन महिन्यांनी, आणि पोटातली गाठ दोन महिने वाट बघणाऱ्यांपैकी नाही.

म्हणून तिने चोरी केली. कागदावर शेवटची भिंत बावीसला दाखवली, खरी तेराला बसणार होती. मधले नऊ दिवस तिने वेळापत्रकात जिरवून टाकले: दोन साच्यांच्या साफसफाईत, तीन क्रेनच्या चालढकलीत, बाकीचे चिमूट चिमूट इकडे तिकडे. साहेबांकडून कबूल करून घेतलं की शेवटची भिंत बसली की त्याच संध्याकाळी आपली रजा सुरू. साहेब म्हणाले, "दिली. भिंत बसवा, मग जा कुठे जायचं ते." त्यांना वाटलं आपण काहीच दिलं नाही. तिला वाटलं आपण नऊ दिवस मारले. व्यवहार असा असावा, की दोन्ही बाजू मनात हसतात.

पण लपवलेल्या दिवसाला वास असतो. पहिल्या आठवड्यातच साचेवाले आले. साच्यांच्या विभागाचे प्रमुख, बोलायला मऊ, हिशेबाला कडक.

"मॅडम, एक साचा वाकलाय. दोन दिवस लागतील."

"दोन दिवस नाहीत माझ्याकडे."

"आहेत हो. तुमच्याकडे असतातच. आमची बायको पण असंच म्हणते, साखर नाही, आणि पाहुणा आला की निघते."

दोन गेले. मग साइटवाल्यांचा फोन आला, वारा सुटलाय, क्रेन चालवता येत नाही. एक गेला. मग साहेबांनी काही पाहुण्यांना कारखाना दाखवायला आणलं आणि पाहुण्यांना बरं दिसावं म्हणून दोन दिवस साच्यांना रंग दिला. भिंती ओतायचं सोडून! पाच गेले. उरले चार. तिने ताईला कळवलं, "एकोणीसच्या सकाळी तुझ्यासमोर उभी असेन." ताई म्हणाली, "आधी चौदा म्हणाली होतीस." "ताई, एकोणीस म्हणजे एकोणीस." "बरं बाई. तारखा तुला कळतात, मला तू कळतेस."

या नऊ दिवसांचं गुपित कारखान्यात एकाच माणसाला ठाऊक होतं. ते म्हणजे यार्डातले उलटेकाका. साइटवर पहिली लागणारी भिंत ट्रेलरवर शेवटी चढवायची असते, म्हणून या माणसाने तीस वर्षं सगळं उलट्या क्रमाने चढवलं होतं. नाव त्यावरून पडलं. स्वभावाने अगदी सरळ. निवृत्तीला चौदा महिने उरलेले. त्यांनी एकदा वेळापत्रक नुसतं बघून विचारलं होतं, "बाई, हे नऊ दिवस कुणाचे?" आणि तिला का कोण जाणे, खरं सांगावंसं वाटलं होतं.

काकांचा एकच नियम होता. यादी सांगायची तर वार सांगा. "सोमवारची म्हणा, गुरुवारची म्हणा. काल-परवा म्हणू नका. आपल्या भाषेत परवा मागेही असतो आणि पुढेही असतो. भिंतीला असं चालत नाही."

नऊ तारखेला शुक्रवार होता. त्याच्या आधीच्या बुधवारी साइटवाल्यांनी सांगितलं होतं, तिसरा मजला पूर्वेच्या टोकाकडून लावू. तिने शुक्रवारसाठी तशी यादी केली. गुरुवारी ते म्हणाले, नको, पश्चिमेकडून. तिने दुसरी केली. शुक्रवारी सकाळी सात वाजता ते पुन्हा फोनवर आले, पूर्वच बरी. तिच्या एका कानाला साइटवाले होते, दुसऱ्या कानाला ताईचे डॉक्टर. डॉक्टर विचारत होते, तपासण्यांना सोबत कोण आहे, पेशंट सुई टोचून घ्यायला तयार नाहीत. साहेब दारातून हातवारे करत होते. टेबलावरचा यार्डाचा फोन वाजला तेव्हा तिने तो हनुवटीखाली धरला.

"बाई, ट्रेलर लागलेत," काका म्हणाले. "आज कुठली यादी?"

"परवाचीच चालवा काका. परवाचीच," ती म्हणाली आणि डॉक्टरांकडे वळली.

तिच्या डोक्यात बुधवार होता. यार्डाच्या फळ्यावर नेहमीप्रमाणे तीन याद्या टांगलेल्या होत्या: आजची, उद्याची, परवाची. काकांनी परवाची काढली. रविवारची. चौथ्या मजल्याची.

सहा ट्रेलर निघाले. दुपारी बारा वाजता त्या अरुंद रस्त्यावर चौथ्या मजल्याच्या भिंती घेऊन सहा ट्रेलर एकामागे एक उभे होते, आणि इमारतीला अजून तिसरा मजला नव्हता. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. रस्त्यावरचे दुकानदार बाहेर आले, पोलीस आले. कुणीतरी म्हणालं, घाई करा, रस्ता मोकळा करा. घाई केली. जिन्याच्या दोन भिंती शेजारच्या शाळेच्या मैदानात उतरवताना एकमेकींवर आपटल्या आणि कोपऱ्यातून तडकल्या.

जिन्याच्या भिंती पुन्हा ओतायच्या. चार दिवस पिकल्याशिवाय त्यांना क्रेनचा हूक लावता येत नाही. काँक्रीटला बहीण नसते. दोन दिवस परत आणून उलटसुलट करण्यात. एकूण सहा. तिच्याकडे होते चार. तिने कागदावर मागे मोजलं, पुढे मोजलं, बोटांवर मोजलं. कसंही मोजलं तरी शेवटची भिंत चोवीसला येत होती.

साहेबांच्या खोलीत तिला आणि काकांना उभं केलं. टेबलावरच्या फोनमधून ग्राहक ओरडत होता, खोलीभर ऐकू येत होतं. साहेबांनी फोनवर हात ठेवला.

"कुणी केलं हे?"

तारीखबाईच्या डोळ्यांसमोर एकच हिशेब होता: मी केलं म्हटलं तर नोकरी जाते, ताईची औषधं या पगारावर आहेत, आणि रजा तर गेलीच. ती म्हणाली, "समजण्यात चूक झाली, साहेब."

चूक झाली. आपल्या भाषेत हे मोठं सोयीचं वाक्य आहे. पाऊस पडतो तशी चूक होते. ती करणारा कुणी लागत नाही. पण साहेबांना कर्ता हवा होता, आणि कर्त्याविना आलेल्या वाक्यात जो जवळ उभा असतो तो बसतो.

"समजण्यात म्हणजे तुमच्या," साहेब काकांना म्हणाले. "याद्या यांनी केल्या, त्या बरोबर आहेत, मी बघितल्या. चढवलं तुम्ही."

काकांनी तिच्याकडे बघितलं. अगदी थोडा वेळ. मग खाली बघून म्हणाले, "चढवलं मी. ते खरं आहे."

साहेबांनी फोनवरचा हात काढला. "जबाबदार माणसाला पंधरा दिवस घरी बसवलंय, साहेब. हो, आजपासून. बिनपगारी." फोनमधला आवाज शांत झाला. ग्राहकाला एक डोकं हवं होतं, ते मिळालं.

काका डबा आणि टोपी घेऊन फाटकाशी निघाले तेव्हा ती मागे धावली.

"ताईकडे वेळेवर पोचा," काकाच म्हणाले. "नोकरी सांभाळून पोचा. आमचं काय, आम्ही आता मोकळे. झाडांना पाणी घालू."

मोकळे. हा शब्द ती टेबलापर्यंत घेऊन आली. बसली. सवयीने दिवस मोजले. नऊपासून पंधरा दिवस: तेवीस. काका तेवीसपर्यंत घरी. तिने पुन्हा मोजलं. तिची पेन्सिल थांबली.

म्हणजे त्या खोलीत "मी केलं" एवढे दोन शब्द बोलली असती, तर आत्ता ती बसच्या तिकिटाच्या रांगेत असती. शिक्षा म्हणून. तिने महिनाभर खपून नऊ दिवस चोरले होते, आणि साहेब पंधरा फुकट वाटत होते.

ती उठली आणि थेट साहेबांच्या खोलीत गेली. खरं बोलायलाही तिला आधी फायदा दिसावा लागला, हे नमूद करून ठेवायला हवं.

"साहेब, चूक माझी होती. 'परवाची' असं मी म्हणाले. काकांचा काही दोष नाही. मला घरी बसवा."

साहेब चक्क हसले. "मॅडम, म्हाताऱ्याची दया येते, कळतं मला. पण एका चुकीला दोन माणसं? ग्राहकाला सांगून झालंय. आणि तुम्हाला बसवलं तर हा गोंधळ निस्तरणार कोण?"

"साहेब, तेवीसला माझ्या बहिणीचं..."

"भिंत बसली की जा. ठरलंय ना आपलं? मी शब्द फिरवत नाही. आणि न सांगता गेलात, तर मग परत येऊ नका."

त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले ते साचेवाल्यांनी पाहिलं. ती पहाटेपासून साच्यांपाशी येऊन उभी राही आणि ओल्या काँक्रीटकडे अशी बघे, जशी माणसं दूध कधी उतू जातंय ते बघतात. "मॅडम, बघून लवकर पिकत नाही," ते एकदा म्हणाले. नेहमीची चेष्टा. ती म्हणाली, "तुम्ही माझे दोन दिवस परत द्या." ते हसणार होते. तिचा चेहरा बघून हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी न मागता चार माणसं जास्त लावली, आणि त्या बळावर तिच्या कागदावर चोवीसचे बावीस झाले. बावीसच्या संध्याकाळची बस, तेवीसला सकाळी आठला दवाखाना, नऊला ऑपरेशन. एक तास. तिला एक तास पुष्कळ होता. दहापासून एकपर्यंत मोजायला किती लागतो?

एकवीसला, बुधवारी दुपारी, तिने फोन केला. ताईला गुंगीची औषधं सुरू झाली होती. फोन नर्सने घेतला.

"सारखं विचारतायत तुम्हाला," नर्स म्हणाली. "काय सांगू?"

"परवा म्हणावं. नक्की परवा. कागदावर लिहून त्यांना दिसेल असं लावा, म्हणजे त्या विसरायच्या नाहीत."

पुन्हा तोच शब्द. जीभ सुधारत नाही.

बावीसला दुपारी वारा सुटला. साइटवाल्यांनी क्रेन थांबवली. सात भिंती उरल्या होत्या. ती साइटवर गेली, क्रेनवाल्याच्या पाया पडायची बाकी राहिली. क्रेनवाला बरा माणूस होता. तो म्हणाला, "मॅडम, वर हूक घड्याळाच्या लंबकासारखा फिरतोय. खाली माझी माणसं आहेत. त्यांनाही बहिणी आहेत." संध्याकाळची बस गेली. वारा तेवीसला सकाळीही होता.

नऊ वाजता ती यार्डात होती. नर्स फोन उचलत नव्हती. रांगेने उभ्या असलेल्या सात भिंतींपुढे उभी राहून तिने स्वतःचाच डावा हात उजव्यात धरला आणि मोजलं. दहा. नऊ. आठ. चारपाशी तिचा आवाज फुटला. डॉक्टरांना सांगून ठेवलंय मी तसं. ती आत जाणार नाही. दोन महिने. एकपर्यंत ती पोचलीच नाही.

दुपारी नर्सचाच फोन आला. "झालं ऑपरेशन. नीट झालं. गाठ पूर्ण निघाली."

"गेली? आत गेली ती? कशी गेली?"

"मुकाट्याने गेल्या," नर्स म्हणाली. तिचा आवाज जरा विचित्र होता. "या तुम्ही. सांगते."

चोवीसला शेवटची भिंत बसली, दोन दिवस उशिरा. साहेबांनी शब्द पाळला. त्याच संध्याकाळी रजा दिली. पंचवीसला ती दवाखान्यात पोचली. ताईच्या खाटेजवळच्या कपाटावर अजून तो कागद चिकटवलेला होता. नर्सने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: बहीण – परवा. वार नाही, तारीख नाही.

"शुक्रवारी सकाळी त्यांनी हा वाचला," नर्सने दारापाशीच हळू आवाजात सांगितलं. "आणि म्हणाल्या, 'अगं हो, परवा येऊन गेली की! मी विसरतेच हल्ली.' मी काही बोलले नाही. स्ट्रेचर दारात होतं, आणि त्या तयार झाल्या होत्या. माझी चूक झाली असेल तर..."

"नाही," तारीखबाई म्हणाली.

ताई जागी होती. पांढरीफटक, पण हसली. "पुन्हा आलीस? एवढ्या लांब दोनदा? परवा ते निळं घालून आली होतीस ना, ते छान दिसत होतं तुला. माझा हात धरून मोजलंस, म्हणून मी टिकले हो. दहा, नऊ, आठ. चारपर्यंत आलं मला. पुढचं तूच म्हणालीस."

तारीखबाईने तिचा हात धरला. तो गरम होता, आणि त्यावर सुईच्या खुणा होत्या. इतके दिवस तो कुणी धरला नव्हता. खरं सांगायला तोंड उघडलं.

"हो ताई," ती म्हणाली.

आठ दिवसांनी ती कामावर परतली. फाटकापाशी वजनकाट्याच्या टपरीत काका बसले होते, पुढ्यात येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची वही. यार्ड त्यांच्याकडून काढून घेतलं होतं. तीस वर्षं भिंती उभ्या करणारा माणूस आता खडीच्या ट्रकांचे नंबर लिहीत होता.

"ताई?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे." ती टपरीच्या खिडकीशी थांबली. "काका, परवाची असं मी म्हणाले होते. चूक मी केली."

"मला काय सांगता? फोन मीच घेतला होता ना," काका म्हणाले. "त्याच क्षणी विचारायला हवं होतं, मागचा परवा की पुढचा. नियम माझाच. पण तुम्ही मधेच डॉक्टर, डॉक्टर करत होतात. म्हटलं बाईंना अडवू नये."

"मग साहेबांपुढे गप्प का बसलात?"

"मी बोललो असतो तर तुम्हाला घरी बसवलं असतं. म्हटलं ताईच्या वेळेला बाईंची नोकरी नको जायला." त्यांनी वही पुढे सरकवली. "पोचलात ना पण वेळेवर?"

तिने पेन घेतलं. येणाऱ्याने सही, वार आणि तारीख लिहायची असा काकांनी फाटकावरही नियम केला होता. तिने तिन्ही लिहिलं. मग म्हणाली, "नाही, काका."

तर हिशेब असा. दिवस होते नऊ. दोन साच्याने खाल्ले, एक वाऱ्याने, दोन पाहुण्यांसाठी लावलेल्या रंगाने. चार आणि वर दोन उसने, एका शब्दाने. साहेबांचं काही गेलं नाही, उशीर वाऱ्याच्या नावावर टाकून ते मोकळे झाले. ताईला भेट मिळाली, ती कुणी दिलीच नव्हती. काकांनी पंधरा दिवस, यार्ड आणि उरलेले चौदा महिने भरले, तेही अशा मालासाठी जो पोचलाच नाही. तारीखबाईच्या नावावर बाकी निघाली ती एक 'हो ताई'. आणि ती फेडायची कधी, याची तारीख तिला अजून लावता आलेली नाही.